कुटार तपासा, गवळाऊ वाचवा

सोयाबीनचा दाणा हिंगणघाटच्या बाजार समितीत पोचला की त्याची ओल मोजली जाते, त्यातली माती-काडी पाहिली जाते, मग भाव निघतो. पुढे तेल गाळणारा आणि ढेप परदेशी पाठवणारा आपापले नमुने काढतो. त्याच सोयाबीनचं कुटार मळणी झाली की वावरातून थेट गोठ्याकडे येतं. त्याला काटा नाही, पावती नाही आणि तपासणी तर नाहीच. दिवाळीपासून उन्हाळा सरेपर्यंत वर्धा जिल्ह्यातल्या गाई-बैलांचं पोट मात्र मोठ्या प्रमाणावर याच कुटारावर भरतं. जोडीला तुरीचं असतं, हरभऱ्याचं असतं. पीक उभं असताना त्यावर कोणतं बुरशीनाशक पडलं, किती वेळा पडलं आणि त्यातलं किती दावणीपर्यंत आलं, हे गोठ्याच्या मालकालाही ठाऊक नसतं, कारण त्याच्या गंजीचा नमुना कधी कुणी नेलेला नसतो.

म्हणून हे आवाहन आहे. ते आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) तालुक्यांतल्या गोपालकांना आहे, तसंच सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूरच्या सोयाबीनवाल्यांना आणि वर्धा शहरात रोज सकाळी पिशवीतलं दूध घेणाऱ्यालाही आहे.

गवळाऊ ही आपल्या जिल्ह्याची गाय. पांढरी ते राखाडी, अंगाने हलकी, पायाने चपळ. मराठ्यांच्या फौजा डोंगराळ मुलखातून सामान झपाट्याने न्यायला याच जातीचे बैल वापरत. कारंजा-आर्वी भागातल्या नंदगवळी समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. हेटीकुंडीला तिच्यासाठी सरकारी पैदास केंद्र आहे. गवळाऊ वाचवा, असं सगळेच म्हणतात, आणि योग्यच म्हणतात. पण ते बोलणं बहुतेकदा वळू, रेतन आणि प्रदर्शन इथवर येऊन थांबतं. ती गाय खाते काय, हा प्रश्न मागेच राहतो. रखरखत्या उन्हाळ्यात, जाड्याभरड्या वैरणीवर निभावून नेणं ही या जातीची खरी ताकद. त्या वैरणीतच खोट आली, तर वंशावळीच्या वह्या कितीही नीट ठेवल्या तरी त्या गाईच्या काय कामाच्या?

आता सोयाबीनची एक शेंग हातात घेऊन नीट पाहा. तिच्या सालीवर बारीक भुरी लव असते. शेंगा भरायच्या सुमाराला, भाद्रपदाच्या आसपास, शेवटची फवारणी होते तेव्हा औषधाचे थेंब पानांवर, देठांवर आणि या लवेवर बसतात. पुढे पीक पिकायला लागतं, पानं गळतात आणि जमिनीवर पडतात. उभ्या राहतात त्या काड्या आणि शेंगा. थ्रेशरमध्ये शेंग फुटते, दाणा एका तोंडातून पोत्यात पडतो, फोलं दुसऱ्या तोंडातून उडून ढिगावर जातात. दाण्याला शेंगेचं पांघरूण होतं, म्हणून वरून पडलेल्यातलं बरंच त्याच्यापर्यंत पोचलं नाही. पांघरुणावर जे बसलं ते फोलांसोबत कुटारात गेलं. गाय कुटारात तोंड घालते तेव्हा ती काय करते, हेही कधी उभं राहून बघा. जाडी काडी ती नाकाने बाजूला सारते आणि आधी हीच फोलं वेचून खाते.

म्हणजे दाणा तपासणीत पास झाला म्हणून कुटार चांगलं, असं होत नाही. गळालेली पानंही कुठे गायब होत नाहीत. ती मातीत मिसळतात आणि त्यांच्यावरचं औषधही मातीतच जातं. एका फवाऱ्याच्या अशा दोन वाटा होतात, एक गव्हाणीत जाते आणि दुसरी जमिनीत.

पूर्वी हा प्रश्न आजच्याएवढा मोठा नव्हता, कारण वर्ध्याच्या गोठ्याचा आधार ज्वारीचा कडबा होता. ज्वारी पेरताना काणी पडू नये म्हणून बियाण्याला गंधक चोळायचं, बहुतेक घरी बुरशीसाठी तेवढंच व्हायचं. उभ्या ज्वारीवर फवारणारा शेतकरी विरळा. नव्वदच्या दशकापासून सोयाबीन पसरलं आणि ज्वारी मागे सरली. रानडुकरं आणि पाखरं यांनीही तिला हाकललं. एकट्या शेतकऱ्याने ज्वारी पेरली तर सगळ्या शिवारातली पाखरं त्याच्याच वावरात उतरतात, हे खरंच आहे. कडब्याच्या गंज्या गेल्या आणि त्यांच्या जागी ताडपत्रीखाली झाकलेले कुटाराचे ढीग आले. पीक बदललं तसं गाईचं ताटही बदललं, फक्त त्या ताटाचा विचार कुणी केला नाही.

त्यातून फवारे वाढत गेले. आता सोयाबीनचं बी पेरण्याआधी बुरशीनाशकात घोळवतात, त्यात थायरम असतं, कार्बोक्सिन असतं, कार्बेन्डाझिम असतं. पीक फुलोऱ्यात आलं की टेब्युकोनॅझोल आणि गंधक यांचं मिश्रण, शेंगा लागल्या की आणखी एखादं. पाऊस लांबला तर त्याहून जास्त. २०२३ च्या सप्टेंबरात विदर्भात उभं सोयाबीन पाहता पाहता पिवळं पडलं. वर्ध्यातही पडलं. त्यात काही ठिकाणी मूळकूज आणि खोडकूज होती, काही ठिकाणी पिवळा मोझॅक होता. पिवळा मोझॅक हा विषाणूचा रोग, तो पांढरी माशी पसरवते. बुरशीनाशकाने त्याला काडीचाही फरक पडत नाही. पण पिकाकडे पाहून जीव कासावीस झालेला माणूस कृषी केंद्रावर जातो आणि म्हणतो, "भाऊ, सोयाबीन पिवळं पडून राह्यलं, काही तरी द्या." समोरून उत्तर येतं, "हे बुरशीचं न्या, त्यात हे टॉनिक टाका, अन् अळीचं बी सोबतच मारून घ्या." रोग विषाणूचा असेल तर त्यातलं बुरशीचं औषध वायाच जातं. पिकाला त्याचा उपयोग शून्य, कुटारात आणि मातीत मात्र ते जमा होतं. दोष शेतकऱ्याचा नाही. रोग ओळखून सांगणारा माणूस बांधावर यायला हवा तेव्हा येत नाही, आणि औषध विकणारा रोज दुकानात हजर असतो.

त्या पुड्यासोबत घडी घातलेला एक कागद येतो. अक्षर इतकं बारीक की चाळिशी लागलेल्या माणसाला ते वाचता येत नाही. मुलाला वाचायला सांगा. औषध अन्नपदार्थांपासून आणि जनावरांच्या खाद्यापासून लांब ठेवा, अशी सूचना त्यात सापडेल. घराच्या कोनाड्यात ठेवताना आपण ती पाळतोही. पण जे पीक पुढे जनावराचं खाद्यच होणार, त्यावर तेच औषध पडतं, तेव्हा ती सूचना कुणाला आठवते? त्याच कागदावर शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे तेही लिहिलेलं असतं. ते दिवस खाली बोट ठेवून वाचा आणि पाळा. सध्या आपल्या हातात असलेली सर्वांत सोपी गोष्ट तीच आहे.

पुड्यावरच्या त्रिकोणाबद्दलही बोलायला हवं, कारण त्याने फार लोक निर्धास्त होतात. लाल म्हणजे जहाल, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. मॅन्कोझेब आणि कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकांवर हिरवा त्रिकोण असतो. "हे काही विष नाही, हिरवंच आहे," हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. तो रंग एवढंच सांगतो की एकदम पोटात गेलं तर माणूस किती लवकर दगावेल. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. ती कीटकनाशकांची, तडकाफडकी होणारी विषबाधा होती. बुरशीनाशकांचा मामला वेगळा आहे. ती रोज थोडी थोडी, महिनोन्‌महिने पोटात जात राहिली तर काय होतं, याचं उत्तर त्या त्रिकोणात नसतं. मॅन्कोझेब विघटित होताना इथिलीन थायोयुरिया नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो थायरॉइड ग्रंथीला बाधक आहे. प्रजननावर आणि संप्रेरकांवर होणाऱ्या परिणामांच्या कारणाने युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये मॅन्कोझेबची परवानगी पुढे चालू ठेवायचं नाकारलं. थायरमवर तिथे २०१८ मध्येच बंदी आली. आपल्या केंद्र सरकारने मे २०२० मध्ये ज्या २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला होता, त्यात मॅन्कोझेब, कार्बेन्डाझिम, थायरम आणि कॅप्टान ही चारही बुरशीनाशकं होती. शेवटी २०२३ मध्ये बंदी आली ती मोजक्याच औषधांवर. मॅन्कोझेबचा वापर पेरू, ज्वारी आणि टॅपिओका या पिकांपुरता काढून टाकला. ज्वारीवर नको म्हणजे कडब्यावरही नको, हे ओघानेच आलं. मग सोयाबीनच्या कुटाराचा विचार कुणी करायचा?

मातीकडे वळतो. गांडुळांवर एखाद्या रसायनाचा काय परिणाम होतो हे शेतात तपासायची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. त्या चाचणीत तुलनेसाठी एक ठरलेलं विष लागतं, ज्याने गांडुळं हमखास कमी होतात. त्यासाठी कार्बेन्डाझिम वापरलं जातं. पेरणीच्या आधी बियाण्याला, मग बागेत, मग हरभऱ्यात आपण तेच टाकत असतो. बेनोमिलवर २०१८ मध्ये आपल्याकडे बंदी आली. ते मातीत गेल्यावर कार्बेन्डाझिमच होत असे. थायोफेनेट मिथाइल आजही संत्र्याच्या फळगळीला मारतात. तेही कार्बेन्डाझिमच होतं. नाव वेगळं, डबा वेगळा, जमिनीत उरतं ते एकच. उघड्या जमिनीत त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला सहा महिने ते वर्ष लागू शकतं, असं नोंदलेलं आहे. ऊन, ओल आणि जमिनीचा पोत यांप्रमाणे हा काळ कमी-जास्त होतो. आपल्या काळ्या जमिनीत किती लागतो, हे आपल्याच जमिनीत मोजायला हवं.

जमिनीत सगळ्याच बुरशी शत्रू नसतात. मुळांना लपेटून राहणारी, लांबून स्फुरद ओढून आणून देणारी बुरशी असते. पालापाचोळा कुजवणारी असते. ट्रायकोडर्मा तर मूळकूज करणाऱ्या बुरशीलाच खाऊन टाकते. फवारा यांच्यात भेद करत नाही. सोयाबीनचं रोप उपटून मुळावरच्या गाठी फोडून बघायची सवय आपल्याकडे जुन्या माणसांना आहे. गाठ आतून गुलाबी निघाली की नत्र तयार होतंय. बियाण्याला आधी कडक बुरशीनाशक आणि वरून जिवाणू संवर्धक असा घोळ केला, तर त्या गाठींवर परिणाम होऊ शकतो. मग नत्रासाठी युरिया आणायचा. एक खर्च दुसऱ्या खर्चाला जन्म देतो.

गाईच्या पोटातही बुरशी असते. कॉलिन ऑर्पिन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७५ साली रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पहिल्या पोटात हवेविना जगणारी बुरशी दाखवून दिली. वाळल्या काडीचा चिवट धागा ती आत शिरून फोडते, मग जिवाणू पुढचं काम करतात. कडबा आणि कुटार पचवायला गाईला तिची मदत होते. कुटारासोबत बुरशीनाशकाचा अंश रोज त्या पोटात उतरत असेल, तर या बुरशीचं काय होतं? हा प्रश्न नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने हातात घ्यावा. गवळाऊ त्यांच्याही हाकेच्या अंतरावर आहे.

आर्वी, आष्टी, कारंजाच्या संत्रा पट्ट्यात गोष्ट आणखी वेगळी आहे. डिंक्या रोग रोखायला खोडाला बोर्डो पेस्ट लावतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी. पावसाळ्याच्या आधी एकदा, नंतर एकदा. फवारणीला कॉपर ऑक्सिक्लोराइड. फ्रान्समध्ये द्राक्षवेलींसाठी १८८५ च्या सुमारास निघालेला हा उपाय आजही कामाचा आहे, सेंद्रिय शेतीतही चालतो. पण तांबं हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, विरत नाही, उडून जात नाही. पावसाने खोडावरून उतरतं आणि वरच्या वीतभर मातीत साठत राहतं. युरोपात म्हणूनच सात वर्षांत हेक्टरी २८ किलोपेक्षा जास्त तांबं घालायला मनाई आहे. आपल्या बागेत वीस-पंचवीस वर्षांत किती गेलं, याचा हिशेब कुणी ठेवला आहे का?

हा हिशेब एका जागी थोडाफार सापडू शकतो. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी मोजलेल्या असतात आणि त्यात तांबंही असतं. ते मोजलं जातं कमतरता शोधायला. तुमच्या बागेची पत्रिका काढा आणि तांब्याचा आकडा शेजारच्या बिनबागेच्या वावराशी ताडून पाहा. बागेत वाढलेलं गवत बायका भारे बांधून गोठ्यात नेतात, उन्हाळ्यात मेंढ्याही बसवतात. तांब्याची बाधा सर्वांत लवकर होते ती मेंढीला. ज्या बागेत नुकती पेस्ट लावली किंवा फवारा मारला, तिथलं गवत कापू नका आणि तिथे मेंढ्या घालू नका. मेंढपाळाला आधी सांगा. तो परमुलखातून आलेला असतो, त्याला तुमच्या फवारणीच्या तारखा माहीत नसतात.

मी बुरशीनाशकाच्या विरोधात सरसकट बोलत नाही. ते प्रामाणिकपणाचं होणार नाही. ओल्या कुटाराला चढलेली बुरशीही विषारीच असते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभर दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यातल्या ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा जास्त निघालं. हे विष दुधात कुणी भेसळ करून टाकलेलं नव्हतं. बुरशी आलेल्या खाद्यातून आणि चाऱ्यातून ते गाईच्या पोटात गेलं आणि आचळातून बाहेर आलं. चाऱ्यात जे असेल ते दुधापर्यंत पोचू शकतं, याचा यापेक्षा सरळ पुरावा नको. म्हणून कुटार पावसात भिजू देऊ नका, ओलं असताना गंजी लावू नका, काळपट-हिरवट डाग दिसले तर तो थर काढून टाका. आणि ज्या काटेकोरपणे आपण बुरशी टाळतो, त्याच काटेकोरपणे बुरशीनाशकही टाळायला हवं.

घोळवलेल्या बियाण्याची गोष्ट तर अजिबात हलक्यात घ्यायची नाही. १९७१-७२ मध्ये इराकमध्ये दुष्काळात पेरणीसाठी परदेशातून गहू आला. पाऱ्याच्या बुरशीनाशकात घोळवलेला, लालसर रंगाचा. पोत्यांवरचा इशारा परक्या भाषेत. लोकांनी तो धुतला, रंग निघून गेला, विष राहिलं. काहींनी आधी कोंबड्यांना, मेंढ्यांना घालून पाहिला. काही झालं नाही, कारण ते विष उशिरा चढतं. मग घरोघर भाकऱ्या झाल्या. सरकारी नोंदीप्रमाणे ६,५३० माणसं दवाखान्यात पोचली आणि ४५९ मेली. आपल्याकडे पाऱ्याच्या शेवटच्या बुरशीनाशकावर २०१८ मध्ये बंदी आली. आजची औषधं तितकी जहाल नाहीत, पण पेरून उरलेलं गुलाबी बी "वाया कशाला घालवायचं" म्हणून ढेपेत मिसळून बैलाला देण्याचा मोह तोच आहे. उरलेलं बी पुढच्या हंगामासाठी कुलूपबंद ठेवा, नाहीतर वावराच्या कोपऱ्यात खोल पुरा. दावणीजवळही नेऊ नका.

वर्धा हा काही साधा जिल्हा नाही. जमनालाल बजाजांनी आयुष्याच्या अखेरीस स्वतःला गोसेवेला वाहून घेतलं. ११ फेब्रुवारी १९४२ ला ते गेले, त्याच्या आदल्या वर्षी इथे गोसेवा संघ उभा राहिला होता. गोपुरीचं नाव आजही आहे, गोरस भांडाराचा गोरसपाक आजही पाहुण्याला दिला जातो. सिंदी रेल्वेत तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी सजवून लेकरं रस्त्यावर उतरतात. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी बैलांशिवायची ऋषिशेती करून पाहिली. चेतना-विकास आणि धरामित्र या संस्थांनी याच जिल्ह्यात कमी खर्चाच्या, बिनविषारी शेतीचे प्रयोग वर्षानुवर्षं केले. राज्य सरकारच्या पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशनच्या पहिल्या सहा जिल्ह्यांत वर्धा होता. एवढी पुण्याई असलेल्या जिल्ह्याने देशात पहिल्यांदा आपल्या वैरणीचा हिशेब मांडावा, ही अपेक्षा जास्त आहे का? मला तरी वाटत नाही.

आपण काय करायचं ते सांगतो. यातलं पहिलं काम सगळ्यांना जमेल. या हंगामात प्रत्येक गंजीला एक पुठ्ठा लावा. त्यावर पीक, शेवटच्या फवारणीची तारीख आणि औषधाचं नाव लिहा. ज्या वावरात उशिरा फवारा झाला, त्याचं कुटार वेगळं रचा आणि गाभण व दुभत्या गाईंना देऊ नका. उशिरा फवारा न झालेलं कुटार पुरेसं नसेल तर किमान त्यांच्यासाठी तरी कमी फवाऱ्याचं कुटार राखून ठेवा. पंप धुतलेलं पाणी टाक्यात, नाल्यात, गवतावर ओतू नका.

दुसरं काम पेरणीच्या वेळचं. एका बैलजोडीमागे किंवा दोन गाईंमागे अर्धा एकर ज्वारी पेरा आणि त्यावर काही फवारू नका. एकट्याने पेरली तर पाखरं खातील, म्हणून दहा-बारा जणांनी लागून लागून पेरा. नुकसान वाटलं जातं आणि राखणही सोपी होते. सोयाबीनसाठी बियाण्याला किलोमागे चार-पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा वापरून पाहा. पुरेसा पाऊस पडल्याशिवाय पेरू नका. रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरलं तर पाणी साचत नाही आणि मूळकूज बरीचशी तिथेच अडते. एकाच वावरात सोयाबीनमागे सोयाबीन नको. ही कामं कष्टाची आहेत, पण फवाऱ्याचा खर्च वाचवणारी आहेत.

गावातल्या महिला बचत गटांनी यात पुढे यावं, कारण गोठ्याचं निम्म्याहून जास्त काम त्यांच्याच हातून होतं. गवताचा भारा कोणत्या धुऱ्यावरून आणायचा हे त्याच ठरवतात. ज्या धुऱ्यावर फवाऱ्याचा तुषार गेला तो सोडायचा, हे त्यांनी एकदा मनावर घेतलं की गावात वेगळं सांगावं लागणार नाही. गायकींना, गुराख्यांनाही रोज सकाळी कळलं पाहिजे की आज कोणाच्या वावरात पंप चालू आहे. आखरावर एक फळा पुरेल.

शासनाकडे मागायचं ते ठामपणे मागू. सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्राने आणि पशुसंवर्धन विभागाने मिळून या मळणीनंतर आठही तालुक्यांतून कुटाराचे आणि मातीचे नमुने गोळा करावेत, ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत आणि निकाल गावाच्या चावडीवर मराठीत लावावेत. हेटीकुंडीच्या गाईंची वैरणही त्यात असावी. मृदा आरोग्य पत्रिकेत बुरशीनाशकाच्या अंशाचा रकाना निदान बागायती आणि संत्र्याच्या जमिनीसाठी तरी वाढवावा. आंतरराष्ट्रीय कोडेक्स यंत्रणेत सोयाबीनच्या आणि ज्वारीच्या वाळल्या चाऱ्यासाठी अशा अंशांच्या मर्यादा वेगळ्या लिहिलेल्या असतात. तशी स्पष्ट मर्यादा आपल्या कुटारालाही लावा. प्रत्येक पुड्यावर, शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी हे पीक जनावराला चारता येईल, ते मोठ्या मराठी अक्षरांत छापा. दूध गोळा करणाऱ्या संस्थांनी फॅटसोबत वैरणीचीही चौकशी करावी आणि स्वच्छ वैरणीच्या दुधाला लिटरमागे काही जास्त द्यावं. फक्त उपदेशाने गोठा चालत नाही.

नमुना कसा घ्यायचा तेही लक्षात असू द्या. गंजीच्या वरचं नको, हात कोपरापर्यंत आत घालून सात-आठ जागांहून मूठ मूठ काढा. स्वच्छ कापडावर एकत्र करा, चार वाटे पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, पुन्हा मिसळा, असं अर्धा किलो उरेपर्यंत करा. नव्या कोऱ्या पिशवीत भरा. खताच्या किंवा औषधाच्या रिकाम्या पोत्यात अजिबात नको. सोबत चिठ्ठीवर गाव, पीक, औषधांची नावं आणि तारखा लिहा. काही लपवू नका. हा नमुना कुणाला पकडायला घेतलेला नाही.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा आहे, सोयाबीन कापणीला येतं त्याच दिवसांत. त्या दिवशी गावाच्या विषयपत्रिकेत हा ठराव घालायची मागणी आधीच लेखी द्या: आमच्या गावाच्या ई-क्लास (गुरचरण) जमिनीवर आणि गुरांच्या पाणवठ्यावर कोणतंही कीडनाशक फवारलं किंवा धुतलं जाणार नाही, गावातल्या किमान पाच गंज्यांचं कुटार आणि त्याच पाच वावरांची माती तपासणीसाठी तालुका कृषी अधिकारी व पशुधन विकास अधिकारी यांच्याकडे सुपूर्द केली जाईल, निकाल पुढच्या ग्रामसभेत, म्हणजे २६ जानेवारीला, मोठ्याने वाचून दाखवला जाईल. सूचक म्हणून एखाद्या गोपालकाचं आणि अनुमोदक म्हणून एखाद्या बाईचं नाव लिहा. ठरावाची एक प्रत ग्रामपंचायतीचा सही-शिक्का घेऊन स्वतःजवळ ठेवा, दुसरी तालुक्याला पोचती करा आणि पोच घ्या.